ब्लड प्रेशर : शब्द एक, अर्थ दोन

"मला बीपी नाही," असे सांगणारे रुग्ण धाराशिव, तुळजापूर, कळंब, कुठल्याही दवाखान्यात रोज भेटतात. खरे पाहता ब्लड प्रेशर नसलेला जिवंत माणूस सापडायचा नाही! ब्लड म्हणजे रक्त, प्रेशर म्हणजे दाब. 'रक्तदाब' हा त्याचाच शब्दशः तर्जुमा. प्रेशरचे मूळ 'दाबणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. हृदयाने ढकललेले रक्त धमन्यांच्या भिंतींना जो रेटा देते, तोच हा दाब. इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त ८ फुटांहून उंच चढले. हे त्याने १७३३ साली प्रसिद्ध केले. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा व पाऱ्याचे यंत्र आणले. म्हणून दाब आजही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात.

आपल्याकडे मात्र 'बीपी' म्हणजे वाढलेला रक्तदाब, हाच अर्थ रूढ झाला. घोटाळा इथेच होतो. गोळ्या चालू असताना डॉक्टर "बीपी नॉर्मल आहे" म्हणतात, ते त्या दिवशी मोजलेल्या दाबाबद्दल. रुग्णाला वाटते, आजार गेला! गोळ्या बंद होतात आणि दाब गुपचूप पुन्हा चढतो. डोके दुखेलच असे नाही. कित्येकदा पहिली खूण म्हणजे थेट अर्धांगवायू. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो आजार समजतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून मिळतो. तेथे 'नॉर्मल' ऐकलेत, तर एवढे विचारा : गोळीमुळे नॉर्मल, की गोळीशिवाय?