न थांबणारी खाज : कारण कसे शोधावे?

‘डॉक्टर, चार महिने झाले, खाज काही थांबत नाही. रक्तच बिघडलंय बहुधा. एकदा रक्त तपासून टाका.’ असे सांगत पुष्कळ रुग्ण येतात. पिशवीत तीन-चार मलमांच्या अर्धवट पिळलेल्या ट्यूबा असतात. वांगी, अंडी, तुरीची डाळ केव्हाच बंद झालेली असते. कडुलिंबाच्या पाल्याने अंघोळही करून झालेली असते आणि खाज मात्र आहे तशीच!

वाचकहो, ‘रक्त बिघडणे’ नावाचा आजार वैद्यकशास्त्रात नाही. खाज हे लक्षण आहे आणि त्यामागे अनेक कारणे असू शकतात. बहुतेक वेळा ते कारण रक्ताच्या रिपोर्टात सापडत नाही, ते रुग्णाच्या उत्तरांत सापडते. म्हणून औषध लिहिण्यापूर्वी मी चार प्रश्न विचारतो. ते आपणही स्वतःला विचारून पाहावेत.

१) घरात आणखी कोणाला खाज आहे का?

उत्तर ‘हो’ आले की प्रथम खरजेचा विचार करावा. खरूज साध्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या किड्यामुळे होते. हा किडा कातडीत बारीक बीळ करून राहतो. खाज रात्री अंथरुणात वाढते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काखा, बेंबीभोवतीचा भाग आणि जांघा या त्याच्या आवडत्या जागा.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्यामुळे ज्याला आधी खाज सुटली त्यानेच आजार आणला, असे म्हणता येत नाही. एका कुटुंबात लग्न होऊन आलेल्या सुनेला खाज सुटली आणि ‘माहेरहून काहीतरी घेऊन आली’ अशी कुजबुज सुरू झाली. तिचे ताट-तांब्याही वेगळे झाले. सगळ्यांना बोलावून तपासले, तेव्हा वसतिगृहातून सुटीला आलेल्या पुतण्याच्या बोटांच्या बेचक्या खरजेने भरलेल्या होत्या. तो तर लग्नाआधीपासून खाजवत होता! खरूज अस्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा दाखला नव्हे. एका अंथरुणात झोपल्याने, हातात हात घेतल्याने ती कोणालाही होते.

उपचार मात्र सर्वांनी एकाच दिवशी करावे लागतात, खाज नसलेल्यांनीही. पर्मेथ्रिनचे ५ टक्के मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावून सकाळी अंघोळ करावी आणि एक-दोन आठवड्यांनी तसेच पुन्हा करावे. तान्ही मुले व गर्भवतींसाठी डॉक्टरांना विचारावे. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे समजून ते रोज लावत बसू नये.

२) पुरळ नेमके कोठे आहे?

जागा पुष्कळ काही सांगते. कपाळाच्या मध्यभागी खाज असेल तर टिकलीचा डिंक, कानाची पाळी व गळ्याभोवती असेल तर खोट्या दागिन्यांतील निकेल, बेंबीखाली असेल तर पट्ट्याचे बक्कल, पावलावर पट्ट्याच्या आकारात असेल तर रबरी चप्पल. कानशिलावर व मानेवर असेल तर केसांचा कलप. गवंड्याच्या हातावर असेल तर सिमेंट.

शेतकऱ्यांनी गाजर गवत विसरू नये. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे गवत आज बांधाबांधावर आहे. चेहरा, पापण्या, मान, कोपराची व गुडघ्यामागची वळणे, म्हणजे जिथे त्याचे सुकलेले कण बसतात, तिथली कातडी जाड, काळपट होते आणि खाजते. कामानिमित्त महिनाभर परगावी राहिल्यावर आराम पडतो व घरी परतताच पुन्हा उठते, असे असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

अशी ॲलर्जी स्पर्शानंतर लगेच दिसत नाही. बहुधा एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून ‘आज काय खाल्ले?’ यापेक्षा ‘परवा काय लागले?’ हा प्रश्न अधिक उपयोगी. वर्षानुवर्षे वापरात असलेल्या वस्तूचीही ॲलर्जी अचानक सुरू होऊ शकते. एवढ्याने उलगडा झाला नाही तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून दोन दिवसांनी व नंतर पुन्हा एकदा पाहतात.

३) एक गांधी किती वेळ टिकते?

पेनाने एका गांधीभोवती वर्तुळ काढावे. ती चोवीस तासांच्या आत नाहीशी होऊन दुसरीकडे उठत असेल, तर ते शीतपित्त. आपण ‘अंगावर पित्त उठले’ म्हणतो ते. सहा आठवड्यांहून अधिक काळ चालणाऱ्या शीतपित्तात खाण्यातला पदार्थ कारण म्हणून क्वचितच सापडतो. त्यामुळे एकेक पदार्थ सोडत उपाशी राहण्यात अर्थ नाही. एखादी वेदनाशामक गोळी सुरू आहे का, ते मात्र पाहावे.

४) आतापर्यंत काय काय लावले?

सध्या सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. जांघेत किंवा कमरेवर कडा लाल, मध्ये स्वच्छ असे गोल चट्टे म्हणजे बहुधा गजकर्ण. त्यावर शेजाऱ्याने सांगितलेले स्टिरॉइडमिश्रित मलम लावले की दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट पसरते. मलम बंद केले की दुप्पट जोराने उठते, चट्ट्याचा आकारही बदलतो आणि मग डॉक्टरलाही ओळखणे कठीण जाते. शिवाय कातडी पातळ होऊन कायमचे वळ उमटतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले, ते उगीच नव्हे. म्हणून येताना साऱ्या ट्यूबा घेऊन या, लाजू नका.

केव्हा थांबू नये?

पुरळाबरोबर ओठ-जीभ सुजली, धाप लागली, किंवा नवे औषध घेतल्यावर ताप, फोड व तोंडात चट्टे आले, तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. पुरळ नसताना सर्वांगाला खाज असेल तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड व रक्तक्षय यांची तपासणी करावी. तिथे रक्त तपासण्याला खरोखर अर्थ आहे. आणि चट्टा खाजत नाही, पण तिथे स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी त्वरित करावी. वेळेवर औषध घेतल्यास तो पूर्ण बरा होतो.

तोपर्यंत नखे कापावीत, कोमट पाण्याने अंघोळ करावी, ओलसर अंगाला खोबरेल तेल लावावे, सैल सुती कपडे वापरावेत. एका वहीत खाज केव्हा, कोठे, त्याआधी कोणते काम केले, काय वापरले, हे दोन आठवडे लिहावे. ती वही डॉक्टरांना दाखवावी. नव्या ट्यूबेपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.