रात्री दोनच्या स्क्रिप्टसाठी

हे बघ, बॅकअपची स्क्रिप्ट आता तुझ्या गळ्यात पडली आहे. ती रात्री दोनला चालते आणि त्या वेळी ‘परवानगी द्या’ हे बटण दाबायला कुणी जागं नसतं. सगळी मेख तिथेच आहे.

आधी एक विचारते: फाइली नुसत्या क्लाउडवर चढवायच्याच आहेत ना? मग कोड लिहीत बसू नकोस, आरक्लोन वापर. परवानगीचं टोकन ताजं करणं, जपून ठेवणं ते स्वतः बघतं. फक्त त्याची कॉन्फिग फाइल ‘रीड-ओन्ली’ करू नकोस, कारण नवं टोकन ते त्यातच लिहितं.

स्वतःच लिहिणार असशील तर पहिली परवानगी दिवसा, ब्राउझर समोर ठेवून घे. गुगलला मागणी पाठवताना ‘ॲक्सेस टाइप’ ऑफलाइन ठेव. नाहीतर नुसतं ॲक्सेस टोकन हातात पडतं आणि साधारण तासाभरात मरतं. ज्याच्या बळावर पुढे नवं ॲक्सेस टोकन मिळतं, ते रिफ्रेश टोकन गुगल पहिल्या परवानगीच्या वेळीच देतं. ते हरवलं तर ‘प्रॉम्प्ट’मध्ये ‘कन्सेंट’ घालून परवानगीचा पडदा पुन्हा आणावा लागतो. ड्रॉपबॉक्सचं टोकन ४ तास चालतं, मायक्रोसॉफ्टचं तास-दीड तास. हे आकडे कोडमध्ये कोरू नकोस. उत्तरासोबत ‘एक्सपायर्स इन’ येतं, ते वाच आणि पाच मिनिटं आधीच नवं टोकन घे.

आता सगळ्यांना रडवणारी गोष्ट. स्क्रिप्ट सहा रात्री गुणी बाळासारखी चालते आणि आठवड्याने ‘इनव्हॅलिड ग्रँट’ म्हणून कोलमडते. लोक कोड उकरत बसतात, पण कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं. गुगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये ॲप बाहेरच्या वापरकर्त्यांसाठी आणि ‘टेस्टिंग’ अवस्थेत असेल, तर ड्राइव्हची परवानगी मागणाऱ्या ॲपचं रिफ्रेश टोकन ७ दिवसांत संपतं. ॲप ‘प्रॉडक्शन’मध्ये ने आणि परवानगी नव्याने घे. ऑफिसचं वर्कस्पेस असेल तर ॲप ‘इंटर्नल’ ठेव, हा प्रश्नच येत नाही. आणखी एक, चाचणीच्या नादात तोच परवानगीचा पडदा पुनःपुन्हा उघडू नकोस. एका खात्याला एका क्लायंट आयडीवर १०० रिफ्रेश टोकनं मिळतात. त्यापुढे सर्वात जुनं टोकन न सांगता रद्द होतं, आणि ते नेमकं सर्व्हरवरचं असू शकतं. सहा महिने न वापरलेलं टोकनही जातं. वर्षातून एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी हे लक्षात ठेव.

मायक्रोसॉफ्टची तऱ्हा वेगळी. तिथे मागणीत ‘ऑफलाइन ॲक्सेस’ लागतो, आणि टोकन ताजं केलंस की नवं रिफ्रेश टोकनही मिळतं. ते लगेच साठव. थेट जुन्या फाइलवर लिहू नकोस. शेजारी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग नाव बदल, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल उरत नाही. दोन कामं एकाच वेळी टोकन ताजं करणार असतील तर कुलूप लाव, ‘एफलॉक’ पुरतं. टोकनच्या फाइलची परवानगी ६०० ठेव, ती गिटमध्ये चुकूनही टाकू नकोस, आणि रात्री स्क्रिप्ट सुरू करणाऱ्या क्रॉनसाठी तिचा पूर्ण पत्ता लिही. क्रॉन तुझ्या फोल्डरमधून चालेलच असं नाही.

४०१ आला तर एकदा टोकन ताजं करून एकदाच पुन्हा प्रयत्न कर. ४२९ आला तर टोकनाला हात लावू नकोस; थांब, आणि दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट कर. ‘इनव्हॅलिड ग्रँट’ला पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. तिथे माणूसच लागतो, म्हणून स्क्रिप्टने तुला मेल पाठवला पाहिजे. लॉगमध्ये गपचूप एक ओळ लिहून गप्प बसणारी स्क्रिप्ट मला मुळीच चालत नाही.

परवानगी कमीत कमी माग. बॅकअप चढवायला ‘ड्राइव्ह डॉट फाइल’ पुरतं; त्यात ॲपने स्वतः तयार केलेल्या किंवा त्यातून उघडलेल्या फाइलीच दिसतात. कुणाचे पगाराचे कागद तुझ्या स्क्रिप्टला दिसण्याचं काही कारण नाही.

आणि टोकनची फाइल बाहेर गेली अशी शंका आली, तर नुसता पासवर्ड बदलून निर्धास्त होऊ नकोस. गुगलमध्ये पासवर्ड बदलल्यावर जीमेलची परवानगी असलेली टोकनंच रद्द होतात. ड्राइव्हपुरतं टोकन तसंच चालू राहतं. खात्याच्या सेटिंगमध्ये जा, जोडलेल्या ॲपच्या यादीत तुझं ॲप शोध आणि तिथून त्याची परवानगी काढून टाक.