निवड चाचणी आणि फूटपट्टी

शाळेच्या खो-खो संघाची निवड चाचणी पंधरा दिवसांवर आली आहे, असे समजा. मैदान नांदेडचे असो की लातूरचे, इच्छुक पुष्कळ आणि प्रत्यक्ष मैदानात उतरणारे नऊच. धावण्याचा सराव तर सारेच करतात. आज आपण फूटपट्टीची मदत घेऊ.

मित्राला ३० सेंमी.ची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायला सांगा. खालच्या शून्याच्या खुणेजवळ तुमचा अंगठा व तर्जनी ठेवा. पट्टीला स्पर्श नको. मित्राने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. ती किती सेंमी. घसरली ते लिहा. दहा वेळा करून सरासरी काढा.

अंतर = ½ × गुरुत्व त्वरण × काळाचा वर्ग, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच. गुरुत्व त्वरण ९.८ धरले, तर २५ सेंमी.साठी काळ येतो ०.२२६ सेकंद आणि १५ सेंमी.साठी ०.१७५ सेकंद. फरक जेमतेम ०.०५ सेकंदाचा! पण सेकंदाला ६ मीटर वेगाने पळणारा खेळाडू निघायला एवढाच उशीर करील, तर तो ३० सेंमी. मागे राहील. बाद होण्याला एवढे अंतर पुरते.

आता दोन्ही हातांसमोर एकेक पट्टी धरवा. मित्राने कोणतीही एकच सोडावी; तुम्ही तीच पकडायची. काळ वाढलेला दिसेल. का? मेंदूला 'कोणती?' हेही ठरवावे लागले. खो कोणाला मिळणार, हे पाहणाऱ्या खेळाडूचे असेच होते. म्हणून नुसते धावू नका. मित्रांना बसवून खऱ्या डावासारखा सराव करा. वारंवार पाहिलेल्या हालचाली मेंदू लवकर ओळखतो.

शेवटी, सतराचा पाढा मोठ्याने म्हणत एकच पट्टी पकडून पाहा. बहुतेकांची पट्टी आणखी घसरते. 'माझी निवड होईल का?' ही चिंता म्हणजे असाच मनात चाललेला पाढा! तो थांबवायचा, तर लक्ष समोरच्या एका गोष्टीवर ठेवा. आदल्या रात्री जागरण नको. हाच प्रयोग पुरेशी झोप झाल्यावर व अपुरी झोप झाल्यावर करून आकडे ताडून पाहा.

आणि निवड झाली नाही तर? खाशाबा जाधव मातीत कुस्ती शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर लढताना ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. चाचणी त्या दिवसाचा आकडा सांगते. पट्टीवरचा आकडा रोज वहीत लिहा; पुढच्या चाचणीची तयारी तिथूनच सुरू होते.