छोट्या रेल्वेला काम द्या : खर्च किती?

हौसेनं आणलेली रेल्वे आठवडाभर रिंगणात धावते आणि मग तिची माळ्यावर रवानगी होते. अशा वेळी घरात दुसऱ्या इंजिनाची चर्चा सुरू होते. कृपा करून घेऊ नका. एचओ मापाचं (खऱ्याच्या 87 पट लहान, रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटर) बरं इंजिन आठ-दहा हजारांच्या घरात जातं, आणि तेही गोलच फिरतं. तुमच्या गाडीला हवंय ते काम.

हैदराबादच्या जामबागेतल्या फ्लॅटमध्ये मावेल असं काम म्हणजे शंटिंग : वाघिणी पुढे-मागे हलवून हव्या त्या क्रमानं लावणं. अ‍ॅलन राइट या इंग्रज हौशी माणसाची ‘इंगलनुक’ मांडणी त्यासाठी उत्तम. दोन सांधे, तीन सायडिंगा : एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. वाघिणी आठच. आठ चिठ्ठ्या करा, पाच उचला. ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं पाचाची गाडी लावायची. मेख अशी की, शंटिंगच्या रुळावर इंजिनासोबत तीनच वाघिणी मावतात. क्रम धरून 6,720 वेगवेगळ्या गाड्या निघतात.

आता हिशोब. दर अंदाजे धरा, दुकानागणिक फरक पडतो. पाच फूट बाय एक फूट, 12 मिलिमीटर प्लाय : कापून साधारण 500 रुपये. दोन सांधे परदेशी बनावटीचे, मिळून चार हजारांच्या आसपास. इथे काटकसर नको, कारण स्वस्त सांध्यावर वाघीण दर खेपेला उतरते. सुटे रूळ दोन हजार. बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि वेग कमी-जास्त करणारी छोटी सर्किट-पाटी कोठीच्या गुजराती गल्लीत मिळून 600 पर्यंत. म्हणजे इंजिन आणि वाघिणी घरात असतील तर सात-साडेसात हजारांत काम भागतं. एकाच इंजिनासाठी महागड्या डिजिटल यंत्रणेची काही गरज नाही.

सांधा हलवायला मोटरही नको. सायकलच्या चाकाची जुनी तार प्लायखालून ओढून पुढच्या कडेला काढा, टोकाला लाकडी मणी लावा. मणी ओढला की सांध्याची पाती ‘टक’ करून रुळाला चिकटते. सांधेवाल्याचं काम हातानं केल्याचं समाधान मोटरीत नाही. हूक प्रकारच्या कपलिंगा सोडवायला बांबूची काडी पुरते. रूळ मात्र दर वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मळक्या रुळावर इंजिन हळू चालतच नाही, अडखळतं, आणि शंटिंगची सगळी गंमत हळू चालण्यात आहे.

यात जीव ओततो तो खरा मार्ग, आणि तो आपल्या लोकांच्या ओळखीचा आहे. काचीगुडा-मनमाड ही निजामाच्या राज्यातली मीटरगेज नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत जायची, आणि मनमाडला ब्रॉडगेज लागत असल्यानं तिथे माल एका वाघिणीतून दुसरीत चढवावा लागे. तुमची तिसरी सायडिंग ‘मनमाड’ करा. प्रत्येक वाघिणीसाठी पोस्टकार्डाच्या चतकोराएवढा पुठ्ठा घ्या आणि लिहा : ‘कापूस, परभणी ते मनमाड’, ‘सूत, उस्मानशाही गिरणी, नांदेड’. पुठ्ठे घरातलेच, खर्च शून्य. आजोबा त्या गाडीनं गेलेले असतील तर स्टेशनांची नावं त्यांनाच लिहू द्या; मधली लहान स्टेशनंही ते घालतील.

दोघं खेळत असाल तर एकानं यार्डमास्तर व्हावं, चिठ्ठी त्यानंच काढावी आणि ड्रायव्हरनं त्याच्या इशाऱ्याशिवाय इंजिन हलवू नये. पैसे उरलेच तर आणखी दोन वाघिणी घ्या, पण वेगळ्या आकाराच्या : एक टाकी, एक उघडी.