खाजन शेती आणि सुधारित वाण

अल्पभूधारक शेतकरी नवे तंत्र चटकन स्वीकारीत नाही, अशी तक्रार वारंवार केली जाते. अज्ञान व रूढिप्रियता ही त्याची ठराविक कारणे सांगितली जातात. गोव्यातील खाजन शेतीकडे पाहिले असता हे निदान अपुरे वाटते.

खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. भरतीचे पाणी अडावे व पावसाचे बाहेर जावे, यासाठी बांधाला 'मानस' असते. पहिल्या सरी जमिनीतील क्षार धुऊन नेतात, मग भाताचा पेरा होतो. पावसाने ओढ दिली की क्षार पुन्हा वर येतात. अतिवृष्टीत पाणी तुंबते. या दोन्ही संकटांत 'कोरगुट' हा उंच वाढणारा पारंपरिक वाण तग धरतो. उतारा कमी, परंतु बियाणे घरच्या कणगीतले, खताचा खर्च अल्प आणि गुरांना पेंढा भरपूर.

१९६८ साली प्रसारित झालेल्या 'जया' व पुढे आलेल्या 'ज्योती' या वाणांनी गोव्यात इतरत्र चांगलाच जम बसविला. अर्थात, येथील शेतकऱ्याला नव्याचे वावडे नाही. खाजनात मात्र ठेंगणे रोप पाण्याखाली जाते आणि उसनवारीने आणलेले खत शेजारच्या कुणग्यात वाहून जाते. प्रचारपत्रकात सरासरी उताऱ्याचा आकडा असतो. पीक बुडेल त्या वर्षी कुटुंबाने काय खावे, हे त्यात नसते.

अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मका १९२८ च्या सुमारास आला. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, तेथील शेतकऱ्यांनीही तो आधी थोड्या जमिनीत पेरून पाहिला व बऱ्याच वर्षांनी पूर्णपणे स्वीकारला. तेथे तर जमिनीची वाण नव्हती!

खाजनात आणखी एक अडचण आहे. बांध फुटला की सुधारित बियाणे पेरणारा व न पेरणारा, दोघेही सारखेच बुडतात. बांधांची देखभाल पूर्वी गावकारी पाहत असे. पुढे ती कुळसंघांकडे आली. जेथे संघ निष्क्रिय, तेथे एकट्याने खर्च करण्यास कोण धजावणार?

जुने गोवे येथील एला संशोधन केंद्राने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान-१' व 'गोवा धान-२' हे क्षार सोसणारे, अधिक उताऱ्याचे वाण काढले आहेत. त्यांचे बियाणे पावसाआधी गावात पोहोचले पाहिजे. पेरा आटोपल्यावर आलेले पोते त्या वर्षी कुणाच्याच उपयोगी पडत नाही.