खाँसाहेब गवई की नट?

प्रश्न : आमच्या धरमपेठेजवळच, सिव्हिल लाइन्समध्ये, वसंतराव देशपांडे सभागृह आहे. वसंतराव तर गवई. मग घरातली जुनी माणसं त्यांचं नाव निघालं की 'काय नट होता!' असं का म्हणतात?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : कारण त्या मंडळींनी 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात वसंतरावांनी रंगवलेले गवई खाँसाहेब पाहिले आहेत.

तसे वसंतराव पडद्यावर आले ते फार लवकर. जन्म 1920 चा, मूर्तिजापूरचा. वाढले नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकत. भालजी पेंढारकरांनी 'कालिया मर्दन'मध्ये त्यांना कृष्ण केलं. तेव्हा ते आठ वर्षांचे होते, असं सर्रास छापलं जातं. पण चित्रपट 1935 चा धरला, तर हा बाळकृष्ण मिसरूड फुटायच्या वयाचा ठरतो! पुढे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी आणि उरल्या वेळात गाणं, असं वर्षानुवर्षं चाललं.

1967 च्या डिसेंबरात 'कट्यार' रंगमंचावर आली. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे तुमच्या नागपूरचेच, रंजन कला मंदिरचे 'मास्तर'. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. नाटकात एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येतं. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी, त्यांचं संथ, ठेवणीतलं, खाँसाहेबांचं झपाट्याचं. वसंतरावांची तान सुटली की खाँसाहेबांची ईर्षा, गुर्मी, डावललं गेल्याची जळजळ गळ्यातूनच कळायची. संवादाची वाट पाहावी लागत नसे. संवाद संपवून, पेटीकडे एक नजर टाकून पदाला हात घालणारे नट संगीत रंगभूमीनं पुष्कळ पाहिले. इथं गाणं हाच अभिनय होता. त्यातून वसंतराव तरुणपणी लाहोरला असद अली खाँकडे मारवा राग शिकून आलेले. उस्तादाची बैठक त्यांना उसनी आणावी लागली नसणार, असं मला आपलं वाटतं.

पुढे 'अष्टविनायक' (1979) चित्रपटातही ते दिसले. त्यातले नायक सचिन पिळगावकर यांनीच 2015 च्या 'कट्यार' चित्रपटात खाँसाहेब रंगवले, आणि त्यांना गळा दिला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. नाटकात ही दोन्ही कामं वसंतराव एकटे करत, तीही दर प्रयोगाला.