हिंडते मांजर घरात कसे रमवावे

मांजर आपल्या सर्वांच्या ओळखीचे. ते धान्याच्या पोत्याशी बसते, माळवदावर ऊन खाते आणि रात्री गल्लीभर हिंडते. हे मांजर कोणाचे, असे विचारा. चार घरची माणसे म्हणतील, "आमचंच की!" चारही घरी ते दूध पिते. पण आजारी पडले, तर त्याला दवाखान्यात कोणी नेत नाही. अशा मांजराला एका घरी राहण्याची सवय लावता येते. ती कशी लावावी, ते या धड्यात पाहू.

मांजराने माणसावर उपकार केले आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली व पुढे ती गावोगाव पसरली. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो. त्या काळी अमरावतीस ब्यूकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. घरोघर मांजरे पाळा, म्हणजे उंदीर व प्लेग दोन्ही हटतील, असे त्यांनी १९०८ साली लिहिले. उंदीर मारणे हे मांजराचे जुनेच काम आहे.

मग त्याला घरात का ठेवायचे? आपल्या तुळजापूरचेच पाहा. सोलापूर-धाराशिव महामार्गावर रात्रंदिवस मोटारी धावतात. आश्विनातल्या नवरात्रात आणि पौर्णिमेला यात्रेकरूंनी रस्ते भरून जातात. मांजर चाकाखाली सापडते. मोकाट कुत्री त्याला फाडतात. कोणी विष घालून मारलेला उंदीर ते खाते आणि तडफडून मरते. सर्वांत मोठे भय रेबीजचे, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचे. पिसाळलेले कुत्रे मांजराला चावले, तर मांजरही पिसाळते. तेच मांजर पोरांच्या अंथरुणात येऊन झोपते! म्हणून मांजराची काळजी घेणे म्हणजे आपल्या लेकरांचीही काळजी घेणे आहे.

आता रीत पाहू. मांजराला दोरीने बांधू नये. मारू तर नयेच. बाहेर त्याला जे मिळते, ते घरात द्यावे. मग त्याचे मन घरात बसते.

पहिले, जागा. सारे घर एकदम मोकळे करू नये. चार-आठ दिवस एकाच खोलीत ठेवावे. तेथे एखादे खोके आडवे ठेवून त्यात जुने लुगडे अंथरावे. भ्यालेल्या मांजराला लपायला जागा लागते. ते लपले, तर ओढून काढू नये. भीड चेपली की आपणच बाहेर येते.

दुसरे, शौचाची सोय. जुन्या घमेल्यात चार बोटे वाळू भरावी. मांजर बाहेर जेथे बसते, तेथली मूठभर माती तिच्यात मिसळावी. त्या वासाने त्याला जागा समजते. घमेले जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवावे आणि घाण रोज काढावी. घरात गरोदर बाई असेल, तर हे काम दुसऱ्याने करावे. मांजराच्या विष्ठेतून होणाऱ्या एका रोगाने पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो.

तिसरे, खाणे. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर पोसत नाही. मोठ्या मांजराला दुधाने पुष्कळदा हगवण लागते. त्याला मांस, मासळी किंवा उकडलेले अंडे हवे. मीठ-मसाला नको. बाजारात मांजराचे तयार खाद्यही मिळते. खाणे ठरलेल्या वेळी द्यावे. पाणी सदा भरलेले असावे.

चौथे, चढणे, नखे घासणे व शिकार. खिडकीला जाळी बसवून तेथे फळी ठोकावी. उंचावर बसून गल्ली पाहायला मांजराला आवडते. सालीचे लाकूड किंवा सुतळी गुंडाळलेला खुंट ठेवावा, म्हणजे ते गादी फाडत नाही. दोरीला चिंधी बांधून रोज संध्याकाळी त्याला खेळवावे. खेळ झाला की खायला द्यावे. शिकार झाली, पोट भरले, की मांजर झोपते.

एका बाईंनी मला विचारले, "गुरुजी, मांजर रात्रभर दाराशी कोकलतंय. काय करावं?"

मी विचारले, "तुम्ही दार उघडता का?"

"उघडते की! पोरं झोपत नाहीत."

"मग बाई, तुम्ही मांजराला शिकवत नाही, मांजरच तुम्हाला शिकवतंय! ओरडलं की दार उघडतं, हे ते शिकलं."

ओरडताना दार उघडू नये. गप्प झाल्यावर कौतुक करावे. काही मांजरे पंधरा दिवसांत रमतात, काहींना महिने लागतात.

पाचवे, दवाखाना. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की जनावरांच्या डॉक्टरांकडून रेबीजची लस टोचून घ्यावी. पुढची लस केव्हा, तेही विचारावे. नर असो वा मादी, शस्त्रक्रिया करून घ्यावी. तिने हिंडणे व भांडणे कमी होते आणि नको असलेली पिल्ले होत नाहीत. माणसाची तापाची गोळी मांजराला कधी देऊ नये. पॅरासिटॅमॉल त्याला विषासारखे आहे.

आता नीट ध्यान द्या. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद लावू नये. मंत्र-तंत्रात वेळ घालवू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. तेथे लस फुकट मिळते. डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना सुया घ्याव्या. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर वाचतो.

मांजर सात घरे फिरते, असे आपण म्हणतो. ज्या घरी पोटभर अन्न, निवारा आणि माया एकत्र मिळते, तेथे त्याचे फिरणे थांबते.

सांगा पाहू :
१. मांजराला पहिले काही दिवस एकाच खोलीत का ठेवावे?
२. वाळूत बाहेरची माती का मिसळावी?
३. मांजर चावल्यावर प्रथम काय करावे? काय करू नये?
४. तुमच्या गल्लीतील किती मांजरांना लस टोचली आहे? चौकशी करून लिहा.